फुकटचा स्वॅब आणि बुडालेली हजेरी: महामारी, चाचणी आणि हातावरचं पोट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पेशानं लॅब टेक्निशियन. 2020 आणि 2021 ही दोन वर्षं कोल्हापुरात स्वॅब घेण्याच्या टेबलावर गेली. आता अधूनमधून आशाताईंच्या, नर्सिंगच्या मुलींच्या नाहीतर तालमीतल्या पोरांच्या बैठकीत बोलायला बोलावतात. तिथं तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही प्रश्न खोचक आहेत. ते तसेच ठेवलेत.

चाचणी फुकट होती, तरी लोक स्वॅब द्यायला का येत नव्हते? अडाणीपणा, दुसरं काय?

सुरुवातीला हा शब्द माझ्याही तोंडात होता. मग एका वस्तीत एक आक्का भेटल्या. चार घरची धुणीभांडी करायच्या, दोन घरं ताराबाई पार्कात, दोन नागाळा पार्कात. सून पापड लाटायची, मुलगा उद्यमनगरात हेल्पर. आक्कांना तीन दिवस कणकण होती आणि तव्यावरच्या भाकरीचा वास येत नव्हता. मी म्हटलं, "आक्का, स्वॅब देऊन टाका, पैसे लागत नाहीत."

"पैसं लागत न्हाईत ते मला बी ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पर पॉझिटिव्ह आलो तर चार घरं सुटत्यात, पोराला कामावर घेत न्हाईत, आन् दारावर तुमची पट्टी लागती. ते कोण भरून देणार? तुम्ही?"

माझ्या हातात नायलॉनची काडी होती, आणि तेवढीच होती.

आता हिशेब घाला. मे 2020 पासूनच्या नियमानं सौम्य लक्षणांच्या रुग्णाला लक्षणं दिसल्यापासून निदान 10 दिवस वेगळं राहायचं होतं, वर आणखी 7 दिवस घरात. संपर्कातल्यांना 14 दिवस. म्हणजे एका रिपोर्टनं त्या घरातल्या तिन्ही कमाया एकदम थांबणार. आक्कांनी हा हिशेब मनातल्या मनात केला होता आणि तो बरोबर होता. चुकला होता आमचा, कारण आम्ही फक्त काडीची आणि किटची किंमत धरली होती. चाचणी फुकट होती, पॉझिटिव्ह येणं फुकट नव्हतं.

त्याच आठवड्यात एक नोकरदार गृहस्थ स्वतःच्या गाडीतून आले, स्वॅब दिला, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आल्यावर वरच्या मजल्यावर जाऊन बसले. डबा जिन्यात ठेवला जायचा. पगार एक तारखेला जमा. त्यांना मी शहाणे म्हणायचं आणि आक्कांना अडाणी, हे काही पटेना.

चाचणीला नक्की किती पैसे पडायचे?

सरकारी केंद्रात काहीच नाही. खाजगी लॅबचा दर मात्र सारखा बदलत गेला. मार्च 2020 मध्ये केंद्रानं आरटी-पीसीआरची, म्हणजे स्वॅब लॅबच्या मशीनवर लावून करायच्या चाचणीची, कमाल किंमत 4500 रुपये ठरवली. 8 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं खाजगी लॅबमध्येही चाचणी सगळ्यांना मोफत करा असं सांगितलं, आणि पाचच दिवसांनी, 13 एप्रिलला, तो आदेश आयुष्मान भारतचे लाभार्थी आणि आर्थिक दुर्बल घटकांपुरता आणला. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारनं दर 2200 वर आणला, घरी येऊन नमुना घेतला तर 2800. त्यानंतर तो उतरतच गेला, मार्च 2021 अखेर लॅबमध्ये 500.

आकडा नुसता बघून कळत नाही, मजुरीशेजारी ठेवून बघा. 2020-21 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 238 रुपये होती. म्हणजे 4500 रुपये म्हणजे जवळजवळ 19 दिवसांची खोदाई. किंमत दोन दिवसांच्या मजुरीवर आली तोवर पहिली लाट येऊन गेली होती.

सरकारी केंद्रात फुकट होतं ना? मग खाजगी दराची चर्चा कशाला?

रांगेसाठी. सरकारी केंद्रावर सकाळी नंबर लावायचा, अर्धा दिवस जायचा, म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्याला पिकावर (म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर), मीटरवर मजुरी. माग थांबला की मजुरी थांबली, अर्ध्या दिवसाची रजा वगैरे भानगड तिथं नाही. ज्याच्याकडं पैसे होते त्यानं ते भरून वेळ विकत घेतला.

रिपोर्ट यायला इतके दिवस का लागायचे?

अगदी सुरुवातीला नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडं जायचे. पुढं मिरजेत सोय झाली, मग कोल्हापुरातच. पण जिल्हा बघा केवढा पसरलाय. बारा तालुके, 2011 च्या जनगणनेत 38,76,001 माणसं. चंदगडच्या माणसाचा नमुना कोल्हापुरात यायचा तर शंभर किलोमीटरच्या वर प्रवास.

नमुना म्हणजे काय, तर नाकाघशातून फिरवलेली काडी एका नळीतल्या गुलाबी द्रवात मोडून टाकायची, झाकण घट्ट लावायचं, वर नाव आणि नंबराची चिठ्ठी, आणि बर्फाच्या डब्यात 2 ते 8 अंशांत ठेवायचं. डबा भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. लॅबला पोचल्यावर नंबर लागायचा. मशीनला काही तास पुरतात, बाकी सगळा वेळ वाटेत आणि ढिगात जायचा. पेनानं लिहिलेली चिठ्ठी बर्फाच्या पाण्यानं पुसली गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. असं एकदा माझ्या हातून झालंय. तेरा नळ्या. गाडी करून आलेल्या तेरा माणसांना परत बोलवावं लागलं. आले नऊ.

उशिराची खरी गोम पुढं आहे. लक्षणं सुरू व्हायच्या एक-दोन दिवस आधीपासून नंतरच्या पाचेक दिवसांपर्यंत माणूस सगळ्यात जास्त संसर्ग पसरवतो. ताप आल्यावर तिसऱ्या दिवशी स्वॅब, चौथ्या दिवशी गाडी, सातव्या दिवशी रिपोर्ट. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि हे सहा-सात दिवस "रिपोर्ट येईस्तोवर घरात बसा" हे पाळायची ऐपत कुणाची होती? शहरात एका दिवसात रिपोर्ट मिळवणाऱ्याला एक दिवस बसावं लागायचं, तालुक्याच्या माणसाला आठवडा. नियम दोघांना एकच.

अँटिजेन आणि आरटी-पीसीआर यांत फरक काय?

अँटिजेन जागेवरच किटवर, पंधरा मिनिटांत. आरटी-पीसीआर लॅबमध्ये, पण जास्त भरवशाची. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 14 जून 2020 ला पहिल्या अँटिजेन किटला परवानगी देताना सांगितलं होतं की हे किट 50.6 ते 84 टक्के रुग्णच पकडतं. म्हणून पॉझिटिव्ह आली तर पॉझिटिव्हच. निगेटिव्ह आली आणि लक्षणं असली तर आरटी-पीसीआर करायचीच. ही दुसरी ओळ लोक विसरायचे. खरं सांगायचं तर आमच्यातलेही काहीजण गर्दीच्या दिवशी सोयीनं विसरायचे.

पॉझिटिव्हिटी रेटवरून दुकानं बंद-चालू करणं बरोबर होतं का?

हा प्रश्न महाद्वार रोडवरच्या दुकानदाराचा असणार, हे न विचारता कळतं.

जून 2021 मध्ये राज्यानं पाच स्तर ठरवले. पॉझिटिव्हिटी 5 टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनचे बेड 25 टक्क्यांपेक्षा कमी भरलेले, तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. 10 ते 20 टक्के असली किंवा बेड 60 टक्क्यांच्या वर भरले, तर चौथा. 20 च्या वर पाचवा. कोल्हापूर चौथ्यात होतं. अत्यावश्यक सोडून बाकी दुकानांची शटर खाली, आणि व्यापाऱ्यांचा संताप वर.

रेट म्हणजे भागाकार. वर पॉझिटिव्ह, खाली एकूण चाचण्या. फक्त तापानं फणफणलेल्यांच्या चाचण्या केल्या तर रेट चढणार. रस्त्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या धडधाकट माणसांच्या नाकात काडी घातली तर रेट उतरणार, रोग होता तेवढाच राहणार. त्यामुळं "चाचण्या वाढवा, रेट पाडा" हा धंदा सगळीकडं सुरू झाला. चाचण्या वाढवणं चांगलंच. पण त्या कुणाच्या वाढवल्या हे कुणी विचारत नव्हतं. चौकात नाकाबंदीला उभं राहून दिवसाला दोनशे काड्या संपवणं सोपं. वस्तीच्या बोळात जाऊन तापाची माणसं शोधणं अवघड, कारण तिथं दार लावून घेतात.

माझं मत विचाराल तर आकडा ठेवणं बरोबर होतं. ज्याचं दुकान बंद केलं त्याच्या भाड्याचा आणि दुकानातल्या कामगाराच्या पगाराचा आकडा त्याच कागदावर नव्हता, हे चूक होतं. कापडाच्या दुकानाचा मालक दोन महिने तग धरतो. त्याच्या गादीवर कापड उलगडून दाखवणारा पोरगा पहिल्याच आठवड्यात हातगाडी बघायला लागतो.

गरीब वस्त्यांत केसेस कमी सापडल्या. तिथल्या लोकांची प्रतिकारशक्ती चांगली, हे खरं का?

सापडल्या कमी आणि होत्या कमी यांत फरक आहे. जुलै 2020 मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत रक्त तपासून सेरो सर्व्हे झाला, म्हणजे विषाणू येऊन गेल्याच्या खुणा शोधल्या. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांत त्या सापडल्या, बाकी भागात 16 टक्के. एका नळावर, एका संडासावर दहा घरं असली की अंतर ठेवायचं कुठं? नोंदवलेल्या केसेसमध्ये हे चित्र दिसत नव्हतं, कारण नोंद चाचणी होते तिथंच होते. आयसीएमआरच्या देशव्यापी सर्व्हेत महाराष्ट्राचे सहा जिल्हे होते. त्यांत शेजारची सांगली होती, कोल्हापूर नव्हतं.

वस्तीतली माणसं वयानं तरुण, त्यामुळं बरीचशी बिनलक्षणांची निभावून गेली, एवढं मात्र खरं.

मुंबईकर गावाकडं आले तेव्हा गावं त्यांच्याशी इतकी तुटकपणे का वागली?

आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज, शाहूवाडी. या पट्ट्यातल्या घराघरातला एकजण मुंबईत. गणपतीला, यात्रेला हाच माणूस आला की गाव वेशीवर उभं. मे 2020 मध्ये हाच माणूस आला तेव्हा वेशीवर बांबू आडवे.

गावाची भीती पोकळ नव्हती. प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजनचं सिलिंडर एखाददुसरं, व्हेंटिलेटर कोल्हापुरात. म्हातारी माणसं घरोघर. ग्राम समितीनं शाळेच्या खोल्या उघडल्या, सतरंज्या टाकल्या, आणि आलेल्याला 14 दिवस तिथं ठेवलं. जेवण घरातनं, कुंपणावरून. हातावर शिक्का मारलेला असायचा. तो घामानं, साबणानं पुसट झाला की त्यावरून भांडणं.

पण एकच नियम सगळ्यांना सारखा लागला नाही. ज्याची रानात दोन खोल्यांची वस्ती होती तो तिकडं जाऊन राहिला आणि त्याला कुणी बोललं नाही. भाऊबंदकीत ज्याच्या वाट्याला घराचा एकच सोपा आला होता, तो बायकोपोरांसकट शाळेत. एका गावात तर निगेटिव्ह रिपोर्ट असलेल्यालाही शाळेतच ठेवलं, आणि गावातल्या वजनदार घरच्या पोराला रिपोर्ट नसताना घरी सोडलं. मी तिथं स्वॅब घ्यायला गेलो होतो. शाळेतला एक दादा म्हणाला, "सायेब, माझा स्वॅब घ्या न्हाईतर नका घेऊ, माझी जात बदलत न्हाई." त्यानं जात शब्द कुठल्या अर्थानं वापरला हे मी विचारलं नाही. कळलं होतं.

ऊसतोड मजुरांचं काय झालं?

लॉकडाऊन लागला तेव्हा हंगाम संपत आला होता आणि बीड, नगरकडची माणसं साखर कारखान्यांच्या तळावर कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, अडकली. 17 एप्रिल 2020 ला सरकारनं राज्यातल्या 38 कारखान्यांवरच्या सुमारे 1,31,000 मजुरांना तपासणी करून घरी जायला परवानगी दिली. तपासणी म्हणजे ताप-खोकला बघणं. स्वॅब नव्हे. किट तेव्हा तेवढी नव्हतीच. गावी पोचल्यावर त्यांच्या वेशीवरही बांबू होतेच.

"स्कोर किती आला?" हे काय प्रकरण होतं?

एप्रिल-मे 2021 मध्ये कोल्हापुरात माणसं एकमेकांना नमस्काराऐवजी हेच विचारायची. रिपोर्टला उशीर, म्हणून लोक सरळ छातीचा एचआरसीटी, म्हणजे सीटी स्कॅन, काढायचे आणि 25 पैकी किती गुण हे सांगत फिरायचे. गुण जास्त म्हणजे फुफ्फुसं जास्त खराब. सरकारनं सप्टेंबर 2020 मध्येच मशीननुसार 2000 ते 3000 रुपये दर बांधून दिला होता. तरी स्वॅबपेक्षा हे महागच. पण एक्स-रेसारखी फिल्म संध्याकाळी हातात यायची. ज्याची दोन हजारांची सोय होती त्याला बेड शोधायला दोन दिवस जास्त मिळाले. सौम्य लक्षणात स्कॅनचा काही उपयोग नाही हे डॉक्टर सांगत होते, पण रिपोर्टविना बेड नाही म्हटल्यावर माणूस मिळेल तो कागद धरतो.

घरी करायचं किट आलं, मग प्रश्न सुटला असेल?

पुण्याच्या मायलॅबच्या किटला मे 2021 मध्ये परवानगी मिळाली, किंमत 250 रुपये. सोय झाली. पण घरच्या घरी पॉझिटिव्ह आलेला माणूस किटच्या ॲपवर नोंद न करता गप्प बसला तर तो कुणाच्याच यादीत येत नाही, आणि घरी बसायची ऐपत नसलेला तरीही कामावर जातोच.

पूर्वीच्या साथीत आपल्याकडं काय झालं होतं?

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. तोच कायदा 2020 मध्ये आपल्यावर लागू झाला. पुण्यात तेव्हा सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, घरात शिरून रुग्ण शोधायचे, माजघरापर्यंत जायचे. 22 जून 1897 ला तिथला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रोग लपवायची सवय तेव्हापासूनची आहे, असं मला वाटतं. शोधायला येणारा माणूस काही घेऊन जाणार, देणार काही नाही, ही खात्री.

प्लेगात लोक गाव मोकळं करून माळावर झोपड्या बांधून राहायचे. आमच्या आजीच्या तोंडी "पिलेगात माळाला गेलो" असं यायचं, तिनं ते तिच्या आजीकडून ऐकलेलं. शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षांत दुष्काळ आणि प्लेग एकावर एक आले. दुष्काळात संस्थानानं स्वस्त धान्याची दुकानं काढली. माळावर राहायचं तर धान्य लागतं, हे तेव्हाही कळत होतं.

महापुराच्या वेळी चाचणी कशी केली?

जुलै 2021. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी 43 फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर. दुसरी लाट अजून उतरलेली नव्हती. ज्यांचे पाहुणे उंचावर होते ते पाहुण्यांकडं गेले. बाकीचे शाळांत, मंगल कार्यालयांत. दारातच अँटिजेन करायची असं ठरलं. एक मामी पावसात भिजून, काखेत कोंबडी धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पॉझिटिव्ह आलो तर आत घेणार का न्हाई?" घेणार होतो, वेगळ्या खोलीत. पण हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून काही घरं पाणी उंबऱ्याला लागेस्तोवर हललीच नाहीत.

मग पुढच्या वेळी काय करायचं? नुसती गाऱ्हाणी नकोत.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर 2020 मध्ये लिव्हरपूल शहरात सगळ्यांना मोफत झटपट चाचणी दिली. गरीब भागात माणसं कमी आली, कारण तेच, पॉझिटिव्ह आलो तर कमाई बुडेल. तिथं कमी उत्पन्नवाल्यांना घरी बसण्यासाठी 500 पौंडांची योजना होती, तरी ही गत. म्हणजे हा काही आपल्याच अडाणीपणाचा नमुना नाही.

आपल्याकडं माझ्या अनुभवात तीन गोष्टी चालल्या. एक, ज्या गल्लीत तालमीच्या पोरांनी पॉझिटिव्ह घराला आधी पंधरा दिवसांचा शिधा पोचवला आणि मग स्वॅबचं विचारलं, तिथं दारं उघडली. उलट्या क्रमानं केलं तिथं नाही. दोन, संध्याकाळी सात ते नऊ स्वॅब. दिवसाची हजेरी बुडत नाही. हे आम्ही थोडेच दिवस करू शकलो, कारण डबा घेऊन जाणारी गाडी पाचला निघायची. तीन, दारावरची पट्टी काढली. पट्टी लावल्यानं शेजाऱ्यांना माहिती मिळते ती मिळतेच, पण पुढच्या घराला ताप लपवायचं कारणही मिळतं.

आणि आशाताईंना मानधन वेळेवर द्या. वस्तीत त्यांनाच दार उघडतात.

आमच्या आईची चाचणीच झाली नव्हती. म्हणून पन्नास हजार मिळाले नाहीत, हे खरं का?

बहुतेक हो. कोविडनं गेलेल्यांच्या वारसांना 50,000 रुपये द्यायचं ठरलं, 4 ऑक्टोबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं त्याला मान्यता दिली. पॉझिटिव्ह चाचणी किंवा दवाखान्यात डॉक्टरांनी केलेलं निदान, आणि त्यापासून 30 दिवसांत मृत्यू, असा निकष. कागद कमी असले तर जिल्हा समितीकडं दाद मागता यायची. मार्च 2022 मध्ये न्यायालयानं जुन्या मृत्यूंच्या अर्जांना 60 दिवसांची मुदत घातली. ती केव्हाच संपली.

एक मुलगा माझ्याकडं प्लास्टिकची पिशवी घेऊन आला होता. त्यात एचआरसीटीची फिल्म होती, स्कोर 17. गल्लीतल्या डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या, त्यांवर ताप आणि धाप. ऑक्सिजन सिलिंडरच्या भाड्याची पावती. पंचगंगा स्मशानभूमीतली नोंद. स्वॅबचा रिपोर्ट नव्हता. बाई घरीच गेल्या होत्या. त्याला वाटत होतं मी जुन्या तारखेचं काहीतरी लिहून देऊ शकेन. मी सगळे कागद तारखेवार लावून दिले, वर एक अर्ज लिहिला आणि समितीच्या खोलीचा पत्ता सांगितला. तो म्हणाला, "जाऊन येतो, पर उद्या न्हाई, उद्या डबल पाळी हाय."